चिमी फिस्कारते, पण काळजी बाळूची करा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नाशिकच्या इंदिरानगर भागात तिसऱ्या मजल्यावर, टू बीएचके फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. घरात पती (अंबडच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी), सासूबाई, सहावीतली मुलगी आणि दोन मांजरं: सात वर्षांचा बोका बाळू आणि चार वर्षांची चिमी. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. आषाढातल्या झडीत पार्किंगमधल्या एका गाडीखालून रडण्याचा आवाज आला. यांनी पिल्लू वर आणलं, टॉवेलने पुसलं आणि ‘एकदाची ओळख होऊन जाऊ दे’ म्हणून हॉलमध्ये दोघांच्या समोर ठेवलं. मुलीने नाव ठेवलं राई. वय साधारण दोन महिने, जेवण सध्या दूध-पोळी.

चिमीने शेपूट फुगवलं, फिस्कारली, पंजा उगारला आणि कपाटावर जाऊन बसली. याला दहा-बारा दिवस झाले. राई दिसली की ती अजून फिस्कारते आणि त्यावरून सगळ्यांची बोलणी खाते. बाळूबद्दल पत्रात दोनच ओळी आहेत. ‘बाळू समजूतदार आहे, तो काहीच करत नाही. दिवसभर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे पडून असतो, हल्ली पायाशी झोपायला येत नाही आणि दोनदा बाथरूमच्या पायपुसण्यावर शू केली, बहुधा राग म्हणून.’ वाळूचा ट्रे घरात एकच, हॉलच्या बाल्कनीत. पती म्हणतात, भांडू दे, दिवाळीपर्यंत आपोआप एक होतील. सासूबाई म्हणतात, ज्यांचं घर आहे त्यांना त्रास का, पिल्लाला देवळापाशी सोडून ये, तिथे लोक खायला घालतात.

पत्रलेखिकेचे प्रश्न: चिमीचा राग कसा घालवू? तिघं एकत्र कधी झोपतील? राईला आणून मी जुन्या दोघांवर अन्याय केला का?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र चिमीबद्दल आहे, पण मी आधी बाळूबद्दल लिहिते, कारण घाई तिथे आहे.

बाळूला उद्या सकाळीच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. घरातच राहणारा सात वर्षांचा बोका ट्रे सोडून पायपुसण्यावर शू करतो, तेव्हा तो राग काढत नसतो. ‘यांना धडा शिकवतो’ असा हिशेब मांजराच्या डोक्यात नसतो. ताण वाढला की बऱ्याच मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते. जंतू नसतात, खडा नसतो, तरी दुखतं, सारखी शू लागते आणि थेंब थेंब होते. ट्रेमध्ये बसल्यावर दुखलं की मांजर ट्रेलाच घाबरायला लागतं आणि दुसरी मऊ जागा शोधतं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. सूज, चिकट स्राव आणि बारीक कण यांनी ती पूर्ण तुंबू शकते, आणि तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

म्हणून घरातल्या प्रत्येकाने, मुलीनेसुद्धा, ही लक्षणं पाठ करून ठेवायची: बाळू पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, मागची बाजू सारखी चाटतोय आणि ट्रे मात्र कोरडाच आहे. असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट बघायची नाही. पोट दाबून बघायचं नाही. घरातली कुठलीही दुखण्यावरची गोळी द्यायची नाही. माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, कारण ते औषध शरीरातून बाहेर टाकायची व्यवस्था मांजराच्या यकृतात नीट नसते. तो किती खातोय तेही डोळ्यात तेल घालून बघा. अंगाने भरलेल्या मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते, आणि ते आजारपण फार जड जातं.

डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही, ताण आहे’ असं सांगितलं तरी तो ताण येतो कुठून हे शोधायला हवंच. तुमच्या पत्रातून घराचा जो नकाशा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो असा. बाळू मशीनच्या मागे आणि ट्रे हॉलच्या बाल्कनीत. मधे अख्खा हॉल, आणि हॉलमध्ये दिवसभर राई. आता एखाद्या संध्याकाळी सोफ्यावर बसून फक्त त्याच्याकडे बघत राहा. तो स्वयंपाकघराच्या दाराशी येईल, चौकटीला अंग टेकवून थांबेल, कान बाजूला पडलेले असतील. भिंतीच्या कडेने दोन-चार पावलं टाकेल. तेवढ्यात राई खुर्चीखालून त्याच्या शेपटीवर झडप घालेल. तो पंजा उगारणार नाही, आवाजही करणार नाही. वळेल आणि परत मशीनमागे जाईल. त्याची शू मात्र राहून जाईल. बाथरूम वाटेत आहे आणि पायपुसणं मऊ आहे.

आपण अशा मांजराला समजूतदार म्हणतो. मला वाटतं तो घाबरलेला आहे आणि भांडण टाळण्यासाठी एक-एक जागा सोडत चालला आहे. आधी हॉल सोडला, मग ट्रे, मग तुमच्या पायाशी झोपायची जागा. मला अशी पत्रं येतात तेव्हा जवळजवळ प्रत्येकात फिस्कारणाऱ्या मांजराची तक्रार असते आणि गप्प बसलेल्याचं कौतुक असतं. घरात नवं पिल्लू आलेल्या सगळ्यांनाच माझं सांगणं आहे की गप्प झालेल्या मांजराकडे आधी बघा. लपणं, खाणं कमी होणं, अंग चाटणं बंद होणं किंवा एकाच जागी चाटून चाटून केस जाणं, रोजच्या जागा सोडणं, ट्रेबाहेर शू. यांतलं काहीही भांडणापेक्षा जास्त गंभीर आहे.

आता चिमी. चिमीचं वागणं मला पत्रात सगळ्यांत सरळ वाटलं. फिस्कारणं हा हल्ला नसतो, हल्ला करायची वेळ येऊ नये म्हणून दिलेला इशारा असतो: लांब राहा. तिने इशारा दिला, पंजा उगारला पण मारला नाही, आणि स्वतः उंच जागी निघून गेली. यापेक्षा शहाणपणाने ती आणखी काय करणार? त्यावर घरातले चौघंही तिला रागावतात. तिला त्यातून एवढंच कळतं की हे पिल्लू समोर आलं की माझी माणसं माझ्यावर ओरडतात. म्हणजे राईला नावडती करायचं काम आपणच करतो. आजपासून चिमीला रागावणं बंद. ती फिस्कारली तर शांतपणे राईला उचलून दुसरीकडे न्या. आणि राई दिसूनही चिमी दोन क्षण गप्प राहिली, तर त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा एक कण तिच्यासमोर ठेवा.

तुमच्या पतीचं ‘भांडू दे, आपोआप एक होतील’ हे मी बऱ्याच घरांत ऐकते. त्यामागे समजूत अशी की एकदा कोण मोठं ते ठरलं की मग शांतता. मांजरांचं तसं नसतं. २००७ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजराची वंशज आहेत. ते रानमांजर एकटं राहतं, एकटं शिकार करतं. मच्छी बाजाराजवळ किंवा वाड्यामागच्या बोळात मांजरांचे घोळके आपण बघतो, पण त्यात बहुतेक आई, बहिणी, मावश्या आणि त्यांची पिल्लं असतात. खायला भरपूर मिळतं म्हणून नात्यातल्या माद्या एकत्र राहतात. बाहेरून आलेल्याला सहसा हुसकावलंच जातं. भांडण झाल्यावर पुन्हा जुळवून घ्यायची रीत मांजरांकडे फारशी नाही. एक जोरदार मारामारी झाली की पुढचे कित्येक आठवडे ती त्यांच्या लक्षात राहते. दिवाळीपर्यंत ‘होऊ दे’ म्हणत थांबलात तर दिवाळीत बाळू कदाचित मशीनमागेच असेल.

तुमचा दुसरा प्रश्न, तिघं एकत्र कधी झोपतील, हा मला थोडा बदलावासा वाटतो. कदाचित कधीच झोपणार नाहीत, आणि तरी सगळं उत्तम चाललेलं असेल. पंचवटीत माझ्या ओळखीच्या एका मावशींच्या वाड्यात दोन मांजरी आहेत. सकाळचं ऊन ओट्यावर येतं तेव्हा तिथे थोरली बसते. ती उठून आत गेली की दुपारी धाकटी येते. दोघींनी एकमेकींना कधी चाटलेलं मावशींनी पाहिलेलं नाही, पण एकमेकींच्या वाटेतही त्या येत नाहीत, दोघी पोटभर जेवतात आणि निवांत झोपतात. एका छताखाली दोन चुली असाव्यात तसं ते आहे. तुम्ही ध्येय ठेवायचं ते हे. राईचं वय लहान आहे, चिमी खेळकर असेल तर पुढे मैत्री होईलही. झाली तर आनंद आहे. पण मैत्रीसाठी घाई केली की हाताशी असलेली शांतताही जाते.

मग करायचं काय? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ‘आता दहा-बारा दिवस झालेच आहेत’ म्हणून सोडून देऊ नका, हे केव्हाही करता येतं.

राईला मुलीच्या खोलीत हलवा आणि दार बंद ठेवा. तिथे तिचा वेगळा ट्रे, वेगळं पाणी, वेगळी वाटी, लपायला खोका, नख्यांसाठी गोणपाट गुंडाळलेली फळी. ट्रे आणि जेवण दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत. मुलगी तिथे अभ्यास करते, झोपते, म्हणजे राईला सोबतही आहे. ही कोंडून ठेवायची शिक्षा नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला अख्खा फ्लॅट झेपत नाही, एक खोली झेपते. बाळू आणि चिमीला त्यांचा हॉल, त्यांची बाल्कनी आणि तुमचं पांघरूण परत मिळतं, आणि नेमकं तेच सध्या त्यांना हवं आहे.

खोली वेगळी ठेवायला दुसरंही कारण आहे, ते तब्येतीचं. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळं ठेवायचं असतं. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या आजाराचा विषाणू पिल्लांना फार लवकर मारतो आणि फरशीवर, गाद्यांवर महिनोन् महिने टिकून राहतो. बाळू आणि चिमीचे बूस्टर झालेत का, फाईल काढून बघा. नसतील तर बाळूला नेताना हेही विचारा. राईला ट्रायकॅटचा (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित लस) पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, साधारण चार महिन्यांची होईपर्यंत, रेबीजची लस ती तीन महिन्यांची झाल्यावर, जंताचं औषध, कानातले किडे आणि पिसवा यांची तपासणी. कुठे गोल टक्कल दिसलं तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते मुलीलाही होतं. तिघांपैकी कोणीही उलट्या करायला लागलं, मलूल झालं, जेवण सोडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्यांसाठी मिळणारं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं आहे. आणि राईची लस व्हायच्या आत ती मुलीला चावली किंवा तिने बोचकारून रक्त काढलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि माणसांच्या डॉक्टरांना दाखवायची. पिल्लू लहान आहे म्हणून ते टाळायचं नाही.

पायपुसणं धुताना आणि फरशी पुसताना फिनाईल बाजूला ठेवा. ते पायांना लागतं, मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं. एक भाग ब्लीच बत्तीस भाग पाण्यात घालून पुसा, दहा मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुन्हा पुसा. तेवढा वेळ मांजरांना दुसऱ्या खोलीत ठेवा. शूच्या जागी मात्र ब्लीच नको, तिथे एन्झाइमचा क्लीनर वापरा, वास राहिला तर बाळू पुन्हा तिथेच जाईल.

आता मुख्य काम, ते वासाचं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण घाईत सगळे हेच गाळतात. मांजर घरातल्यांना वासाने ओळखतं. ते गाल आणि हनुवटी दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या पायाला, तुमच्या पोटरीला घासतं, तेव्हा आपला वास लावून ती जागा आपली करत असतं. त्याच्या नाकाला राई या क्षणी संपूर्ण परकी आहे. म्हणून आधी वासाची ओळख, मग डोळ्यांची, आणि सगळ्यांत शेवटी अंगाची.

तीन स्वच्छ सुती मोजे घ्या, एकेकासाठी एकेक. राईचे गाल आणि कानांपुढची जागा मोज्याने हळुवार पुसा. तो मोजा हॉलमध्ये जमिनीवर ठेवा. बाळूच्या तोंडासमोर धरू नका, त्याच्या झोपायच्या जागेवर ठेवू नका. नको असेल तर लांबून जाता यावं. बाजूला त्याच्या आवडीचं थोडं खाणं ठेवा. पहिल्या दिवशी चिमी त्या मोज्यावरही फिस्कारेल. फिस्कारू दे. रोज ताजा मोजा. ज्या दिवशी ती हुंगून सरळ खायला लागेल, त्या दिवशी एक पायरी झाली. चिमीचा आणि बाळूचा मोजा असाच राईच्या खोलीत. यानंतर जागांची अदलाबदल: रोज अर्धा तास राईला तुमच्या बेडरूममध्ये ठेवा आणि जुन्या दोघांना मुलीच्या खोलीत फिरू द्या. एकमेकांना न बघता त्यांना सगळं हुंगता येईल.

मग दाराशी जेवण. बंद दाराच्या एका बाजूला राईची वाटी, दुसऱ्या बाजूला चिमी आणि बाळूची, आधी दारापासून चांगली लांब. निवांत खातात असं दिसलं की रोज थोडी जवळ. एखाद्याने वाटी सोडली, तर दुसऱ्या दिवशी वाटी मागे घ्यायची, त्यात कमीपणा नाही. वाट्या दाराला टेकल्या आणि तिघंही शेपूट खाली ठेवून शांत जेवली, की दाराऐवजी जाळी लावा. मच्छरांच्या जाळीची चौकट चालेल, पण राई चढून फाडणार नाही अशी घट्ट हवी. सुरुवातीला जाळीवर चादर टाका आणि रोज खालून चार बोटं वर सरकवा. इथे नजर पारखायची. डोळे मिचकावले, बघून मान वळवली, तर सगळं ठीक. न हलता टक लावून बघणं, शेपटीचं टोक झटकणं, कान मागे चिकटणं दिसलं, की चादर पुन्हा खाली.

प्रत्यक्ष भेटीच्या आधी राईला दमवा. काठीला बांधलेल्या पिसामागे तिला मनसोक्त पळवा, मग पोटभर जेवू घाला, आणि मग दार उघडा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुसऱ्याच्या शेपटीवर उडी मारायचीच असते, आणि बाळूला नेमकं तेच नको आहे. पहिल्या भेटी पाच-दहा मिनिटांच्या. सगळं छान चाललेलं असतानाच थांबवायचं, बिघडायची वाट बघायची नाही. मारामारी जुंपलीच तर मधे हात घालू नका, मधे उशी किंवा पुठ्ठा सरकवा. खेळातली दोरी, मांजा, लोकर खेळ संपल्यावर कपाटात. गिळलेला धागा आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं.

या सगळ्याला किती दिवस लागतील? काही घरांत दोन-तीन आठवडे, काही घरांत दोन-तीन महिने. वेग बाळूने ठरवायचा. तो मशीनमागून बाहेर येऊन हॉलमध्ये पाय पसरून झोपायला लागला की पुढची पायरी. आता गणपती तोंडावर आले आहेत. पाहुणे, आरत्या, ढोल आणि फटाके यांच्या त्या दिवसांत नवीन काहीही सुरू करू नका, जिथे असाल तिथेच थांबा. तिन्ही मांजरांना आतल्या खोल्यांत ठेवा आणि पूजेची कण्हेर, पुष्पगुच्छातली लिली त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं बघा. लिलीचे परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करतात.

ट्रेचा नियम असा की जितकी मांजरं तितके ट्रे आणि वर एक. तिघांना चार. तुमच्या फ्लॅटमध्ये चार जमले नाहीत तर तीन तरी हवेतच, आणि तीन वेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात, कारण वाट अडवणारा दोन्हींची वाट एकदमच अडवतो. एक ट्रे आजच ड्राय बाल्कनीत ठेवा, मशीनपासून थोडा लांब, म्हणजे बाळूला हॉल ओलांडावा लागणार नाही. राईच्या ट्रेमध्ये अजून काही आठवडे गोळे होणारी वाळू नको, लहान पिल्लं ती खातात. लाकडी भुशाच्या कांड्या चालतील. उंच जागाही वाढवा. चिमीला कपाट सापडलं आहे. बाळूलाही एखादी फळी द्या, वर चढायला मधे स्टूल ठेवा, सात वर्षांच्या बोक्याला एका उडीत जमेलच असं नाही.

राईच्या दूध-पोळीबद्दल. बऱ्याच मराठी घरांत मांजरं त्यावर वाढतात, मला माहीत आहे, पण ती वाढतात ती बाहेर उंदीर-पाली मारून. घरातल्या पिल्लाला तो मार्ग नाही. टॉरिन हे द्रव्य मांजराला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, आणि हृदयही कमजोर होतं हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. पिल्लांसाठीचं तयार खाणं दिवसातून तीन-चार वेळा द्या, जोडीला उकडलेलं चिकन किंवा अंडं. कांदा-लसूण घातलेला रस्सा एक घासही नको. कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपल्या नाशिककडे तर कांद्याशिवाय भाजी होत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी सोडून देणार नाही, कारण त्यातलं अर्धं मला पटतं. जुन्या दोघांचा विचार घरात त्यांनीच पहिल्यांदा बोलून दाखवला. त्यांना सांगा की आपण बाळूला त्याचं घर परत देतो आहोत, आणि हवं तर बाळूची देखरेख त्यांच्याकडेच द्या. दिवसभर घरात त्याच असतात. तो किती वेळा ट्रेला गेला, किती जेवला, हे त्यांच्याइतकं कोणी बघू शकणार नाही. पण राईला देवळापाशी सोडणं हे उत्तर नाही. गर्दीत, गाड्यांत, कुत्र्यांत दोन महिन्यांचं पिल्लू टिकत नाही, आणि पाऊस अजून संपलेला नाही. प्राण्याला उपासमार होईल अशा ठिकाणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

तुमचा अन्यायाचा प्रश्न. भिजून रडणाऱ्या पिल्लाला उचलणं हा अन्याय नाही. बाळूकडे आता दुर्लक्ष केलंत तर मात्र तो त्याच्यावर अन्याय होईल. म्हणून ठेवायचं किंवा टाकायचं अशा दोन टोकांवर विचार करू नका. राईला तीन महिने पाहुणी समजा. या काळात तिचं लसीकरण होईल, ती चार-पाच महिन्यांची झाली की नसबंदीही होईल. ती लांबवू नका, मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते. तीन महिन्यांनंतर बाळू खातो, ट्रे वापरतो, हॉलमध्ये झोपतो असं असेल, तर ती तुमचीच.

तसं झालं नाही, एवढं सगळं करूनही त्याची शू पुन्हा पुन्हा बिघडत राहिली, तर राईसाठी दुसरं चांगलं घर शोधा आणि मनाला लावून घेऊ नका. लस आणि नसबंदी झालेल्या, माणसाळलेल्या पिल्लाला घर मिळणं पावसात सापडलेल्या पिल्लापेक्षा कितीतरी सोपं असतं. मुलीला मात्र हे आजच सांगून ठेवा, शेवटच्या दिवशी नको. घर बघताना जिथे आधीच म्हातारं मांजर आहे ते टाळा. तिच्या वयाचं, खेळणारं दुसरं पिल्लू असेल तर उत्तम. घेणाऱ्यांशी फोनवर ठरवू नका, स्वतः त्यांच्या घरी जा. घरातल्या सगळ्यांना मांजर हवं आहे का ते प्रत्येकाला विचारा, गावाला गेल्यावर तिला कोण बघणार ते विचारा, आणि वरच्या मजल्यावरचं घर असेल तर खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी बसल्यावरच राईला तिथे पोचवा.